हात धुऊन दिलेली साक्ष

आमच्या घरात शास्त्र आलं त्याआधी बाप गावाची मेलेली ढोरं ओढायचा आणि माय दारोदार शिळी भाकर मागायची. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. आहे.

पुढं बाप ख्रिस्ती झाला. गरिबी हटली नाही, पण कोनाड्यात पवित्र शास्त्र आलं. बापाला अक्षर येत नव्हतं. तरी हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही आणि ते हातात असताना खोटं बोलायचं नाही, हा घरचा नेम. मिशनच्या शाळेत शिकल्यावर मी रोज वाचून दाखवायची. कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या गावाला हा नेम ठाऊक होता. भांडण मिटेना की लोक म्हणत, "त्याच्या हातात त्याचं शास्त्र द्या अन् इचारा."

अठ्ठेचाळीस साली निजाम शरण आला. रझाकार पळाले, अन् लोक साध्या मुसलमानांवर सूड उगवायला निघाले. भर दुपारी आमच्या शेजारच्या पिंजारी चाचाला हात बांधून आमच्याच दारात आणलं. लोकांच्या हातात कुऱ्हाडी होत्या.

"आमच्या कडब्याच्या गंज्या जाळल्या त्या रोजी हा रझाकारासंगं होता का न्हाई? शास्त्र घेऊन व्हय म्हण," जमीनदाराचा पोरगा म्हणाला. "मागून आमाला कुणी बोल लावाया नको."

माय दारातून कुजबुजली, "म्हणा हो व्हय. लेकरायकडं पाहा."

"थांबा मालक, हात धुतो," बाप म्हणाला.

"जेवाया बसून राहिला का बे?" कुणीतरी हसलं.

बापानं तांब्यातलं पाणी ओतून दोन्ही हात धुतले. मग त्यानं शास्त्र तळहातावर घेतलं.

"मालक, त्या रोजी चाचा आमच्या दारात कापूस पिंजून राहिला होता. खोट्या साक्षीला ह्यात मनाई हाय. पोरी, वाच."

मला पान सापडेना. अक्षरं डोळ्यापुढं नाचत होती. मग पाठ होती तीच आज्ञा कशीबशी म्हटली, "आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको."

"हा बी त्यायचाच!" त्या पोरानं कुऱ्हाड उचलली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याचा हात धरला होता. "शास्त्र तुमीच मागितलं ना? आता काहून तकलीफ होऊन राहिली? सोडा त्याले."

शिव्या देत त्यांनी दोर सोडला. नंतर कितीतरी दिवस आम्ही घराला आतून कडी लावून बसलो. पाऊल वाजलं की माय मला कवटाळायची.

चाचा जगला.