डब्यावर कोणाचं नाव?

आज ऑफिसात एका जेवणाच्या डब्यानं मला रडवलं, मंडळी. सांगतेच.

आमच्या सातपूरच्या कंपनीत आज नवीन मुलं-मुली रुजू झाली. त्यांच्या वेलकम किटचं काम माझ्याकडे. बॅग, बाटली, टी-शर्ट, सगळ्यावर कंपनीचं नाव असतंच. म्हणून यंदा मी हट्टानं स्टीलचे डबे घेतले आणि त्यांवर ज्याचं त्याचं नाव घालायला भांडी बाजारातल्या काकांना मशीनसकट बोलावून घेतलं.

एकेक जण येऊन आपलं नाव सांगत होता. सुरगाण्याहून आलेली कविता म्हणाली, "मंजुळा घाला."

"अगं, डबा तुझा आहे. तुझं नाव सांग ना," मी जरा वैतागूनच म्हटलं.

"मॅडम, माझं नाव आयकार्डावर हाय. मंजुळा माझी आई. घरातल्या भांड्यांवर बाबांचं नाव हाय, नायतर आहेर देणाऱ्यांचं. तिचं कशावरच नाय."

काकांनी विचारलं, "पुढे नवऱ्याचं नाव घालू ना?"

"नको. नुसतं मंजुळा."

मशीन टर्रर्र वाजायला लागलं. मी उगाचच बॅगांच्या चेनी लावत बसले.

घरी आले ती थेट स्वयंपाकघरात. एकेक भांडं उचलून पाहिलं. कुठे सासऱ्यांचं नाव, कुठे नवऱ्याचं. रोज मीच घासते ही भांडी, पण वाचली आज पहिल्यांदा.

तुमच्या घरात आईच्या नावाचं एखादं तरी भांडं आहे का? जरा उठून बघता?