दोन दवाखान्यांत नाव

दौंडच्या डॉक्टरांनी दंडाला बांधलेला पट्टा सोडला, परत बांधला आणि परत मोजलं. मग विचारलं, "याआधी बीपी कधी बघितलं होतं?" मला सांगता येईना. आठवा महिना लागायला आला होता आणि दोन ठिकाणी माझं नाव होतं, तरी सांगता येईना.

बीपी एकशे सत्तर आणि खालचं एकशे दहा. लघवीत प्रोटीन. "प्री-एक्लॅम्पसिया आहे," ते म्हणाले. गरोदरपणात बीपी फार वाढतं, त्याचा मार किडनीवर, लिव्हरवर, मेंदूवर बसतो आणि वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, तो हा आजार. आईला फिट येऊ शकते. सोनोग्राफीत बाळ जवळजवळ चार आठवड्यांनी लहान दिसत होतं.

आम्ही शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. माझ्या नवऱ्याचं, मिलिंदचं, कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा मला पाचवा होता. त्याला पाटसला काम मिळालं आणि सहाव्यात आम्ही सामान टेम्पोत भरलं. आता दवाखाना तोच ठेवायचा की बदलायचा, एवढंच ठरवायचं होतं.

मिलिंद म्हणाला, "आगं, एवढ्या लांब दर खेपेला गाडीवर कसं जमंल? हितंच दाखवू कुठंतरी." मी ऐकलं नाही. याआधी मला दोन वेळा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पडलं होतं. हे बाळ शिक्रापूरच्या डॉक्टर मॅडमच्या औषधांनी टिकलं होतं. त्यांच्याकडे फाईल मागणं म्हणजे तुमच्यावर आता भरवसा नाही असं तोंडावर सांगणं, असं मला वाटायचं. आमच्याकडे बहुतेकींना असंच वाटतं. भरल्या ताटावरून उठून जावं तसं ते वाटतं.

मग मी मधला मार्ग काढला. स्वतःला फार शहाणी समजत होते मी! मॅडमना सांगितलं, बाळंतपण तुमच्याकडेच, मधलं तिकडे बघून घेईन. त्यांनी फाईलवर लिहिलं, दर पंधरा दिवसांनी तिकडे बीपी बघणे.

पाटसला आरोग्य खात्याच्या आशाताई घरी आल्या. "तुमचं कुठं चालू हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिक्रापूरला. "मंग चांगलं हाय. हितं नाव तेवढं लिहून ठेवते." दोन आठवड्यांनी त्या परत आल्या. "चला की उपकेंद्रात, सिस्टर बीपी बघत्यात. दोन मिनटाचं काम हाय." मी बसल्या जागेवरून म्हटलं, "परवाच शिक्रापूरला बघितलंय."

ते खोटं होतं. शिक्रापूरला जाऊन महिना उलटला होता. एकदा मिलिंदला सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्यांदा निघालो, तर चौफुल्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रांग, म्हणून अर्ध्यातून माघारी आलो. मॅडमना वाटत होतं पाटसला बघतायत, पाटसच्या ताईंना वाटत होतं शिक्रापूरला बघतायत. कुठेच बघत नाहीत, हे फक्त मला माहीत होतं.

पाय सुजले. शेजारीण म्हणाली, "सुजत्यातच, पहिलटकरणीला तर जास्तच." चेहरा सुजला, बांगड्या हातात रुतायला लागल्या. डोकं ठणकायचं, ते मी नव्या घराच्या पत्र्याच्या उकाड्यावर ढकललं. एका सकाळी कणीक मळताना डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि परात दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे दौंड गाठलं.

तिथून अँब्युलन्सनं पुण्याला. मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली, ती फिट येऊ नये म्हणून देतात. अंगात आग पेटल्यासारखं होतं. दोन दिवस डॉक्टरांनी थांबून बघितलं, मग सिझेरियन केलं. मुलगी झाली, साडेनऊशे ग्रॅमची.

तिला एनआयसीयूत ठेवलं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. बाहेरच्या बाकावर सगळे बाप एका रांगेत बसलेले असायचे आणि दार उघडलं की सगळे एकदम उठायचे. मी तिला तिसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून पाहिलं. काचेच्या पेटीत हात घालू दिला. तिनं माझं बोट धरलं नाही, तेवढी ताकदच नव्हती तिच्यात. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, "आमच्याकडून सगळं चालू आहे. पण तिची फुप्फुसं साथ देत नाहीत." सहाव्या दिवशी ती गेली.

महिनाभर आधी कळलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हा आजार टाळता आला नसता. पण गोळ्या चालू झाल्या असत्या, थोडे दिवस वाढवता आले असते. बाळ वाचलंच असतं, असं मी सांगणार नाही." हे ऐकून धीर येतो असं लोकांना वाटतं. मला आला नाही.

शिक्रापूरच्या मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, फाईल मागितली असतीस तर तिकडच्या डॉक्टरांना मीच चिठ्ठी लिहून दिली असती." मी फोन ठेवला आणि रडले.

पोटुशी असताना घर बदलायची वेळ तुमच्यावर आली तर जुना दवाखाना ठेवा, नाहीतर नवा धरा. दोन्ही बरोबर आहे. पण जिथं जाल तिथं फाईल घेऊन जा, आणि शेवटचं बीपी कधी बघितलं ते खरं सांगा. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. मला याहून जास्त काही सांगता येत नाही.

दौंडच्या डॉक्टरांमुळे मी जिवंत आहे. एखाद्या दिवशी त्यांचे आभार मानावेसे वाटतात, बाकीचे दिवस तसेच जातात. बीपी अजून उतरलेलं नाही, रोज गोळी चालू आहे.

साडेतीन महिन्यांनी शिक्रापूरच्या दवाखान्यातून रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला, वहीत माझी आधीची तारीखच होती. बाळाच्या लशीची तारीख झाली, कधी आणताय? मी सांगितलं. त्याच दुपारी उपकेंद्रातल्या नव्या सिस्टरचा फोन आला. त्यांच्या यादीतही माझं नाव होतं. त्यांनीही तेच विचारलं. इतके महिने दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या दिवशी दोन्हीकडे एकच सांगितली.