खुमेंद्रनं मेली म्हटलेली डिस्क

खुमेंद्र बिसेन हा माणूस हातानं गुणी आणि तोंडानं फाटका. तिरोड्यात त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून आहे, त्यामुळे त्याचं बोलणं मला दिवसभर फुकट ऐकावं लागतं. लोकांनी टाकायला काढलेले जुनेपुराणे संगणक तो पुन्हा उभे करतो. त्यासाठी त्यानं एका पेनड्राइव्हवर स्वतःची लिनक्स बसवली आहे, आणि तिचा कर्नल, म्हणजे सगळी सिस्टीम ज्याच्या जोरावर चालते तो गाभा, स्वतः बांधला आहे. एवढी अक्कल आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाला नाही, हेही तो स्वतःच सांगतो.

कर्नल बांधताना शेकडो प्रश्न येतात. अमुक चिपवर जोडलेली डिस्क ओळखायची का? होय म्हटलं तर त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम, कर्नलमध्ये बसतो. नाही म्हटलं तर डिस्क समोर असूनही सिस्टीमला दिसत नाही. खुमेंद्र धान पिकवणाऱ्या घरातला, तो या कामाला पाखडणं म्हणतो. दुकानात नेहमी येतात त्या चिपा ठेवायच्या, बाकीच्या फोलासारख्या उडवून द्यायच्या. "कोन वापरते आता हे? कायले वजन वाढवाचं?" असं म्हणत तो 'नाही', 'नाही' दाबत सुटायचा. कर्नल हलका झाला, पेनड्राइव्ह भुर्रकन सुरू व्हायला लागला आणि हा मिशीला ताव देत फिरायला लागला.

दिवाळीनंतर रुख्माबाई उईके ऑटोत जुना सीपीयू घालून आल्या. त्यांचा नवरा केवलराम दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, गाणारा, गेल्या वर्षी वारला. आपली गाणी त्यानं या डब्यात रेकॉर्ड करून ठेवली होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. डबा सुरू व्हायचा, पण पडद्यावर चक्र फिरत राहायचं, पुढे काही उघडत नव्हतं.

"बाकी काही नोको बाबू. त्याचा आवाज तेवढा काढून दे," त्या म्हणाल्या.

खुमेंद्रनं आपला पेनड्राइव्ह लावून डबा त्यावरच्या लिनक्सनं सुरू केला. डब्यात काय काय जोडलंय त्याची यादी आली, यादीत डिस्कच नव्हती.

"डिस्क मेली काकू."

"पर आतून गुरगुरून राहिली ना?"

"कोंबडी कापल्यावरही पाय झाडते."

मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण जीभ सुटली ती सुटलीच. रुख्माबाईंनी डिस्क काढून मागितली आणि पदरात घेतली. "मंग याचं काय करू?" त्यांनी विचारलं.

"मेल्याची वस्तू घरात ठेवते का कोनी? नदीत शिरवून टाका."

काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. रिकामा डबा त्याच्याकडेच टाकून त्या निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात गुलाबचंदच्या राईस मिलचा संगणक आला. सकाळपर्यंत मिलमध्ये चालू होता, फक्त संथ झाला होता. खुमेंद्रनं पेनड्राइव्ह लावला, यादीत डिस्क नव्हती. तो हसला. "हेपन मेली." मग पेनड्राइव्ह काढून त्यानं संगणक पुन्हा सुरू केला, तर मिलची सिस्टीम ठणठणीत उघडली!

मेलेली डिस्क उठून बसलेली पाहून मीही स्टुलावरून उठलो. खुमेंद्रचा हात माऊसवर तसाच राहिला. त्यानं मिलच्या डब्यातल्या चिपचं नाव वाचलं, आपल्या कर्नलच्या सेटिंगमध्ये शोधलं. समोर त्यानंच दाबलेलं 'नाही' होतं. मग कोपऱ्यातला रुख्माबाईंचा डबा ओढून झाकण उघडलं. तीच चिप होती.

"भाऊ," तो मला म्हणाला, "डिस्क जिती होती."

शटर न ओढताच आम्ही माझ्या स्कूटरवर रुख्माबाईंचं घर गाठलं. त्या अंगणात धान वाळवत होत्या. खुमेंद्रनं कशीबशी डिस्क मागितली.

"काल्लच शिरवली न बाबू, वैनगंगेत. त्याचा दुपट्टा, झांजा अन् ते, सबन एकात बांधून. तूच म्हनला होता ना?"

खुमेंद्रचा चेहरा असा झाला की मला त्याच्याकडे बघवेना. आयुष्यात खूप वाईट बातम्या ऐकल्या, पण इतका हादरलो नव्हतो. तो घराजवळच्याच घाटाकडे पळत सुटला. त्याच्यामागे मी आणि माझ्यामागे रुख्माबाई.

पँटसकट तो कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि पायांनी गाळ चाचपायला लागला. तिथली धार बैलाला ओढून नेईल अशी. "बाहेर ये, गाढवा!" मी काठावरून ओरडत होतो. तो ऐकत नव्हता.

रुख्माबाई पाण्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"म्हनजे मी सोडली, तवा त्यात तो होता?"

"होता काकू. मले दिसला नाही. मीच नाही म्हनून ठेवलं होतं."

त्या शिव्या देतील, रडतील, असं मला वाटलं होतं.

"पयले मेला तवा मी रडली बाबू," त्या म्हणाल्या. "आता काय करू, तूच सांग."

खुमेंद्र पाण्यात वाकला आणि आता दोन्ही हातांनी गाळ चाचपायला लागला.