लोळून लिहिलेलं

आमच्या मुलाने ह्यांना टॅब दिला तो क्रिकेट बघायला. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला माणूस दिवसभर झोपाळ्यावर करणार काय, म्हणून. माझी हरकत नव्हती. टॅब म्हणजे खेळणं, असं मीच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. लिहायचं तर टेबल हवं, खुर्ची हवी, पाठ ताठ हवी. या घरात माझं टेबल मी भांडून मिळवलंय, आणि दर दिवाळी अंकात माझी कथा जाते ती त्याच टेबलावरून.

एका दुपारी बाहेरून बोलणं ऐकू आलं. जाऊन बघते तर हे झोपाळ्यावर उताणे, टॅब छातीवर, आणि नोकरीतल्या क्वार्टर्सच्या आठवणी टॅबला सांगताहेत. हे बोलत होते, तो लिहीत होता. मधेच ह्यांचा पारा चढला.

"मी म्हनतो 'नाय', आन् ह्यो लिवतो 'नाही'! 'आमी' म्हनलो तर 'आम्ही'!"

"बरोबरच लिहितोय तो," मी म्हटलं.

"अगं, पन मी तसा बोलतच नाय."

मग एकेक शब्द बोटाने पुसून तिथे आपला घालत बसले. मी हसत आत गेले. म्हटलं, बसू देत खेळत.

पुढे माझे नेहमीचे संपादक माथेरानला जाता जाता कथा न्यायला घरी आले. ह्यांनी कसलीही लाजलज्जा न बाळगता त्यांना टॅबवरची पानं वाचून दाखवली. संपादक पोट धरून हसले, आणि पुन्हा वाचा म्हणाले. माझी कथा तोवर त्यांनी न उघडताच पिशवीत टाकली होती.

चार दिवसांनी फोन आला. "वहिनी, यंदा पानं कमी आहेत, एका घरातलं एकच घेतो. त्यांचं घेतोय. तुमचं पुढच्या वर्षी बघू. काय भाषा आहे हो! कुठून आणली त्यांनी?"

कुठून आणली! मी इथल्याच कडाव गावची. माझ्या माहेरी दुसरं काही बोलतच नव्हते. शाळेत 'नाय' म्हटलं की पोरी फिदीफिदी हसायच्या, म्हणून मी ते जिभेवरून खरवडून काढलं. आणि हा माणूस तेच घेऊन लोळत माझ्या जागेवर जाऊन बसला. माझा नुसता जळफळाट झाला. आठवडाभर मी ह्यांना न आवडणारा दुधी रांधला. ह्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला.

एकदा हे कर्जतला बाजारात गेले, तेव्हा मी झोपाळ्यावर जाऊन आडवी झाले. टॅब छातीवर घेतला. त्यांना जमतं ते मला का जमू नये? भाताच्या खाचरातून आई मला हाका मारायची, मी बांधावर बसून पुस्तक वाचायची, ती येऊन माझ्याशी भांडायची, ते सगळं सांगत गेले. पानभर मजकूर झाला. मग दुरुस्त्या करायला बोट पुढे केलं.

एकही चूक नव्हती. मी बोलले तसंच सगळं उतरलं होतं. पडद्यावर माझी आई अगदी स्वच्छ 'नाही, नाही' म्हणत होती. ती जन्मात कधी तसं बोलली नव्हती.