वॉर्डाची इर्जिक

"डेंग्यू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा माझ्या कपाळावर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती.

प्लेटलेट म्हणजे रक्त वाहू लागलं की भोक बुजवणारे बारीक कण. असावेत दीड लाख. माझे उरले अठ्ठावीस हजार. "ॲडमिट व्हायलाच हवं. पण वॉर्ड बंद आहे," बाई म्हणाल्या. चार ठिकाणी फोन केले त्यांनी. पुण्यातही खाट नाही.

आमच्या सोमाटण्याकडच्या गावात घरटी एक माणूस तापानं आडवा, आणि नेमकं तेव्हाच सरकारचं काटकसरीचं परिपत्रक आलेलं. सरकारी दवाखान्याचं सफाईचं कंत्राट थांबलं. सफाई नाही म्हणून खाटा कुलपात, पेशंट व्हरांड्यात.

फाटकात सरपंच आबा आणि माजी सरपंच भाऊ एकमेकांवर धावून जात होते.

"तुमच्या सरकारनं कुलूप लावलं!"

"तुमच्या येळंला तरी कुटं उघडं व्हतं?"

आवाज असा, की लोणावळ्यात दरड कोसळावी. डास मात्र निःपक्ष. दोघांनाही चावत होते.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, पदर खोचला. "आबा, भाऊ, आज वॉर्डाची इर्जिक. जेवान माज्याकडं."

इर्जिक म्हणजे अडलेल्याच्या शेतात सगळ्या गावानं राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. बोलावणं आलं की वैऱ्यालाही नाही म्हणता येत नाही.

आबा गांगरले. "आगं, इर्जिक शेतावर असती!"

"माजं शेत ह्येच, बाकड्यावर पडलंय." तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी वॉर्डाचं कुलूप काढलं, हातमोजे वाटले, जंतुनाशक किती आणि पाणी किती ते सांगितलं. डावी बाजू आबांची, उजवी भाऊंची. ईर्ष्येनं फरशी अशी घासली, की मला तीत माझे मागचे तीन जन्म दिसले.

मग गच्ची झाडायला गेलेले भाऊ वरून ओरडले, "आबा, या वर! तुमच्या गालावर अळ्या वळवळत्यात!"

गळती झाकायला कुणीतरी आबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरला होता. त्यात पाणी साचून डासांची शाळा भरलेली. आबांनी फ्लेक्स उचलला. खाली भाऊंचा जुना फ्लेक्स. त्यात डासांचं कॉलेज.

आधी आबा हसले. मग भाऊ. मग सगळा दवाखाना.

दुपारी वॉर्ड सुरू झाला, मला सलाईन लागलं. संध्याकाळी सुनंदाच्या इंद्रायणी भाताला दोघं एकाच पंगतीत, आणि सफाईचं कंत्राट पुन्हा सुरू करा म्हणून केलेल्या अर्जावर दोघांच्या सह्या एकाच कागदावर. चौथ्या दिवशी प्लेटलेट वर सरकले. सातव्या दिवशी मी घरी.

तुम्हाला ताप आला तर मनानं गोळ्या खाऊ नका. रक्त तपासा, पाणी पीत राहा, आणि आधी गच्ची बघा.

अर्ज अजून वरच फिरतोय. तोवर दर सोमवारी इर्जिक. बरा झाल्यावरच्या पहिल्याच सोमवारी मी माझ्याच जुन्या खाटेखाली फडकं मारत होतो. खाटेवर तापातली एक मावशी. तिनं डोळे किलकिले केले. वाटलं, आशीर्वाद देणार.

"दादा," ती म्हणाली, "त्यो कोपरा ऱ्हायला."

एवढं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. मी कोपरा दोनदा पुसला.