लॅपटॉप हे औत आहे की नाही?

गेल्या मंगळवारी आमच्या ओट्यावर माझ्या लॅपटॉपचा पंचनामा झाला. म्हणजे अक्षरशः सात-आठ माणसं गोल बसून...

आमचं गाव साताऱ्याकडच्या औंधपासून तासाभरावर. आषाढातले मंगळवार गावदेवीचे, त्या दिवशी पाळणूक. औत धरायचं नाही, विळा उचलायचा नाही, गिरणी बंद, दुकान बंद. कुणी काही विकत नाही, कुणी काही घेत नाही.

मी साताऱ्यात वाढलेली. नवरा फौजेत, तिकडं लांब. मी सासूबाईंजवळ राहून पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. चार वर्षं प्रत्येक पाळणुकीला वरच्या खोलीत दार लावून गुपचूप बसायचे. आत्यांना (सासूबाईंना मी आत्या म्हणते) वाटायचं, सून झोपलीय... बिचारीला दमायला होतं.

या वेळी नेमकं वायफायनं मान टाकली. मोबाईलला रेंज फक्त ओट्यावर. दुपारी क्लायंटला डेमो होता, आणि तो नीट गेला तर टीम लीड होण्याचा माझा नंबर लागणार होता. म्हटलं, बघू दे कोण बघतंय ते! बसले खुर्ची टाकून, लॅपटॉप घेऊन ओट्यावर.

अख्ख्या गावाला त्या दिवशी काही काम नसतं, हे मी विसरले होते. पहिले आले आप्पा, आमचे शेजारी, रिटायर सुभेदार. "सूनबाई, पाळणूक हाय न्हवं? ह्ये काय धरलंय?"

मी म्हटलं, "आप्पा, हे काही औत नाही. माती कुठं लागतेय याला?" झालं! पाच मिनिटांत ओटा भरला. कुणी म्हणालं, मातीचा काय संबंध, गिरणीला तरी कुठं माती लागती? गिरणी बंद, तर ह्ये बी बंद.

आप्पा मात्र न्यायाचे पक्के. "फौजेत समद्यास्नी सुट्टी असती, पर पहाऱ्यावरच्या संत्र्याला नसती. तू थांबलीस तर दुश्मन आत शिरंल का?"

आता काय सांगणार... माझं काम काय, तर परदेशातल्या एका शॉपिंग ॲपमधलं 'विकत घ्या' हे बटण नीट चालतं का, ते तपासायचं. लोकांनी फार विचार न करता पटकन दाबावं, एवढंच त्या बटणाचं आयुष्य. मी खरं सांगून टाकलं. मग घोळक्यात येऊन बसलेल्या आत्यांनीच विचारलं, "एक दिस न्हाई दाबलं कुणी, तर?"

माझं डोकं फिरलं. मी भाषणच ठोकलं. म्हटलं, मी कुणाची बांधील नाही. मला पाहिजे तिथं बसून काम करते, स्वतःच्या पैशानं पाहिजे ते घेते. ही खुर्ची बघा, बसून बसून पाठ धरते म्हणून मागवली. हे घड्याळ बघा, फार वेळ बसू नये म्हणून घेतलं...

आणि नेमकं त्याच क्षणी घड्याळ मनगटावर थरथरलं. तासभर बसलात, उभ्या राहा. मी बोलता बोलता उठून उभी राहिले! सवयच ती.

आत्यांनी मांडीवर हात मारला. "बगा! हाक आली, उठली. आता सांग, त्या कंपनीनं हाक मारली की बी अशीच उठतीस?" हो. "न्हाई उठलं तर बोलणी बसत्यात?" हो. "मंग औतच की गं! फकस्त बैल कोन, त्येवढं बग."

ओटा हसून हसून आडवा. आप्पांना तर ठसकाच लागला. मला इतका राग आला की काय सांगू...

त्याच रागात मॅनेजरला मेसेज टाकला. आज आमच्या गावात पाळणूक आहे, मी काम करणार नाही, डेमो दुसऱ्या कुणी द्यावा. पाठवला आणि दोनदा परत वाचला. याच नोकरीत मी तापात फणफणत कॉल घेतलेत. दिराच्या हळदीला हळद लागलेल्या हातांनी लॅपटॉप उघडलाय.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. नुसता अंगठा. वर केलेला. बास!

डेमो टीममधल्या रोहननं दिला, छान झाला म्हणे. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. मोबाईलवर काहीतरी मागवावं म्हणून बोटं शिवशिवत होती, आत्यांनी तो काढून घेतला. मग काय करायचं ते कळेना, तिथंच आडवी झाले... आणि दुपारी तीन तास अशी झोपले, की जाग आली तेव्हा वार कुठला तेच आठवेना.

आत्या उशाशी बसून होत्या. हळूच म्हणाल्या, "सायेब लय वरडला का गं?"

"नाही ओ. काहीच नाही म्हणाला."

"मंग चार वर्सं कुणाला भीत हुतीस?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी वेड्यासारखी हसत सुटले, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

गावदेवीवर माझा विश्वास किती, ते तिलाच ठाऊक. पण इतक्या वर्षांत मला 'आज नाही' म्हणायला लावलं ते तिनं आणि माझ्या सासूनं. टीम लीडचं काय होईल ते होवो... आषाढातल्या उरलेल्या दोन मंगळवारांची रजा मी टाकलीय. आणि या वेळी कारणाच्या रकान्यात आजारी नाही, पाळणूकच लिहिलंय.