मेघालीची बोळवण

आमच्या राहनाळच्या आळीत आक्का धवलारीण. लग्नात धवले गाणारी, म्हणजे देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावणारी. मी गुणाबाई, तिची जोडीदारीण. ती ओळ म्हणते, मी उचलते. गोदामांनी शेतं खाल्ली, डीजेनं कान खाल्ले, तरी आम्हाला डावलून हळद लावायची कुणाची टाप नव्हती.

आमचे नेम दोन. बोलावलेल्यांची लग्न उरकल्यावर एकेकाचं नाव घेऊन बोळवण करायची, नाहीतर ते घरातच राहतात. आणि बिनलग्नाचं गेलेलं माणूस बोलवायचंच नाही. त्याचा पाय मांडवातून निघत नाही.

आक्काची लेक मेघाली बिनलग्नाची गेली. गोदामात पॅकिंगला जायची, ड्युटीवरून येताना ट्रेलरनं उडवलं. आक्का त्यावर कधी बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही.

मग ऋतिकाचं खूळ आलं. ऋतिका म्हणजे आक्काच्या दिराची पोर, मेघालीच्या पाठीवर वाढलेली. माहितीपट बनवते. लंडनला म्हणे असामान्य गुणांच्या माणसांसाठी वेगळाच व्हिसा असतो. हातात नोकरी नसली तरी चालतं, पण तिथल्या जाणत्या लोकांनी तुमचं काम बघून मान डोलवली पाहिजे. "काकी, धवल्यांवरची फिल्म त्यांना दाखवायचीय," ती म्हणाली. "फक्त बोलावण्याचं गाणं पायजे."

"लगीन न्हाय, तं धवला कशाचा?" आक्का म्हणाली.

पण पोरगी लाडीगोडी लावण्यात पटाईत. तिनं अंगणात बांबू रोवून खोटा मांडव घातला, आंब्याचे टाळे बांधले. वर नवरीच्या पाटावर स्वतःच हिरवी साडी नेसून बसली, का तर म्हणे फ्रेम रिकामी दिसते. मी आक्काला म्हटलं, "हे नाटक आपल्याला न्हाय परवडायचं." पण माझं ऐकतंय कोण.

आक्कानं डोळे मिटले. तुळशीरामाला बोलावलं, राघोला बोलावलं, पंढरी आज्याला बोलावलं. मग डोळे उघडून त्या हिरव्या साडीकडे बघितलं आणि त्याच सुरात म्हणाली, मेघाली, ये गं मांडवात. सवयीनं मी ओळ उचलली. अंगावर काटा आला तो नंतर.

"मस्त झालं, काकी," म्हणत ऋतिकानं कॅमेरा बंद केला, सामान गाडीत भरलं आणि गेली. बोळवण राहिली. आक्का म्हणाली उद्या करू. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर तिनं विषय बदलून मला चहा पाजला.

त्यानंतर त्या घरात काहीतरी बदललं. दोरीवर मेघालीचा पंजाबी ड्रेस वाळत पडलेला दिसायचा. कोण घालतं हा, असं विचारलं तर आक्का म्हणाली, "जिचा हाय ती." आणि हसली. मला भुताखेताची नाही, पण त्या हसण्याची भीती वाटली. एकदा आक्का बाजाराला गेलेली, मी तिच्या ओट्यावर वाट बघत बसले होते, तर आत मोरीत कुणी तांब्यानं पाणी ओतून घेत होतं. मी हाक नाही मारली. ओ आली असती तर मी काय करणार होते?

आक्कानं लग्नं घ्यायचं बंद केलं. घसा बसला, गुडघे धरले, रोज नवं निमित्त. खरं कारण मला ठाऊक होतं. कुठल्याही लग्नात बोळवण गायची झाली, की आधीचं राहिलेलं नावही घ्यावं लागतं. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, "पोरीला उंबऱ्यात अडकवून ठेवलंस. तिला वाट नको का मोकळी?"

"इतकी वर्सं नव्हती, तवा कोन आला नाय विचाराला," आक्का म्हणाली. "आता हाय, तं तुला काय खुपतंय?"

ऋतिकाला व्हिसा मिळाला. आळीत पेढे वाटले. भाविकशी तिचं ठरलेलंच होतं, मग जायच्या आधी लग्न उरकून घ्यायचं ठरलं. घरचं लग्न, सख्ख्या दिराची पोर, इथे आक्काला नाही म्हणायची सोयच नव्हती. मला बरं वाटलं. म्हटलं, सुटली बिचारी मेघाली.

लग्न थाटात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळवण आणि दुपारी ऋतिकाचं विमान. बॅगा अंगणात आणून ठेवलेल्या, भाविक गाडीची वाट बघत फोनवर. आक्कानं गायला घेतलं. तुळशीराम, जा बाबा आपल्या ठिकाणी. राघो, जा. पंढरी आज्या, जा. मी एकेक उचलत गेले.

मग आक्का थांबली.

पहिली विसरली तर दुसरीनं नाव घ्यायचं, हाच आमचा रिवाज. मी श्वास घेतला. आक्कानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, बर्फासारखा गार.

"गुणे," ती हळूच म्हणाली, "एक चाललीय आज. दोगींना एकाच दिवशी कशी धाडू?"

वर्षभर भांडलेली मी, पण मला नाव घेता आलं नाही. ऋतिका पाया पडली, तिथल्या लोकांना काकीचाच आवाज आवडला म्हणाली, आणि गेली.

मी रोज आक्काकडे जाते, तिला एकटं टाकवत नाही. पण आत शिरण्याआधी दारातच मोठ्यानं खोकते. आत कुणी केस मोकळे सोडून बसलं असेल, तर उठायला वेळ मिळावा.